तालुक्याचं वाचनालय वेबवर नेताना रविवारचा डोंगर सोडायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा: जुन्नरसारख्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय, अठरा हजार पुस्तकं, सगळा कारभार दाखल नोंदवहीवर आणि देवघेवीच्या कार्डांवर. कार्यकारी मंडळाला वर्षभरात पुस्तकांची यादी वेबवर दिसायला हवी आहे. ग्रंथपालबाईंची पन्नाशी उलटलेली, संगणकाशी ओळख मराठी पत्रं टाइप करण्यापुरती. रविवारी गड-लेणी पालथी घालायची जुनी आवड आहे. ती आता या कामापायी सुटणार का, की त्या भटकंतीचा वाचनालयालाही काही उपयोग करून घेता येईल?

आवड सुटायचं कारण नाही, आणि उपयोग भरपूर आहे. फक्त काम कुठल्या टोकाने सुरू करता, त्यावर सगळं आहे.

आधी हिशोब मांडा. एका पुस्तकाची जेमतेम पुरेशी नोंद करायला सवय झाल्यावरही चार मिनिटं लागतात. अठरा हजार पुस्तकांचे बाराशे तास होतात. देवघेव सांभाळून रोज दोन तास मिळाले, महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर पूर्ण दोन वर्षं. मंडळाला हा आकडा पहिल्याच बैठकीत कागदावर द्या. तो न दिल्यामुळेच घाईघाईने बाहेरच्या मुलांकडून नोंदी करून घेतल्या जातात आणि ‘लेखक’च्या रकान्यात प्रकाशक बसतो.

कपाट क्रमांक एकपासून सुरुवात करू नका. सुरुवात परतीच्या टेबलापासून करा. वाचकाने परत केलेलं प्रत्येक पुस्तक कपाटात जाण्याआधी नोंदलं जाईल, त्याला बारकोड लागेल, एवढाच नियम. रोज पंचवीस-तीस पुस्तकं परत येत असतील तर दोन तासांत तेवढीच बसतात. पाच-सहा महिन्यांत जी पुस्तकं खरोखर वाचली जातात ती बहुतेक सगळी वेबवर येतात आणि वाचकाला यादी भरलेली दिसते. मागे उरतात ती वर्षानुवर्षं न हललेली पुस्तकं. त्यांच्यातली कसर लागलेली, पानं गळालेली, कालबाह्य गाइडं नियमाप्रमाणे निर्लेखनाला काढा, मगच उरलेल्यांना हात लावा. बाद होणाऱ्या पुस्तकाची नोंद करण्यात चार मिनिटं घालवणं ही शुद्ध उधळपट्टी. कागदी दाखल नोंदवही मात्र चालू ठेवा. तपासणीला ती लागते, आणि संगणकातला बारकोड म्हणजे दाखल क्रमांकच असू द्या. दोन वेगळे क्रमांक चालवणाऱ्या वाचनालयात वर्षअखेरीची मोजणी कधीच जुळत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. कोहा हे ग्रंथालयाचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर घ्या. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००० च्या जानेवारीत ते सुरू झालं. मुक्त स्रोत आहे, परवान्याचे पैसे नाहीत. पण ते लिनक्सवर चालतं, विंडोजवर नाही, आणि वाचनालयातल्याच संगणकावर बसवून जगाला दाखवायचा हट्ट धरू नये. गावातल्या ब्रॉडबँडला बहुधा स्थिर पत्ता नसतो, वीज जाते आणि सुरक्षेचे अपडेट करायला कुणी नसतं. भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा; तुमच्या आकाराला चार जीबी मेमरी पुरते. हे काम बाहेरच्या पुरवठादाराला दिलंत तर करारात एक वाक्य न चुकता घाला: दर महिन्याला संपूर्ण डेटाबेसची आणि मार्क नोंदींची (मार्क म्हणजे ग्रंथालयं पुस्तकांच्या नोंदी ज्या ठरलेल्या नमुन्यात ठेवतात तो) प्रत वाचनालयाच्या हातात मिळेल. सॉफ्टवेअर उद्या बदलेल, पुरवठादारही बदलेल. नोंदी तुमच्या राहिल्या पाहिजेत.

आता खरा किचकट भाग, मराठीचा.

कोहाच्या आतला शोधयंत्राचा भाग, झेब्रा, मुळात रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बसवलेला असतो. तसाच ठेवला तर देवनागरी शब्द काना-मात्रांपाशी तुटतात आणि शोध कधी काहीच देत नाही, तर कधी भलतंच देतो. त्याची अक्षरव्यवस्था आयसीयू या अनेक लिप्या सांभाळणाऱ्या पद्धतीवर बदलून सगळी अनुक्रमणी (शोधासाठीची शब्दसूची) पुन्हा बांधावी लागते. हे काम पहिल्याच दिवशी करून घ्या. नंतर केलं तरी चालतं, पण तोवर वाचकांनी ‘हे चालत नाही’ असं ठरवून टाकलेलं असतं. पुरवठादाराची परीक्षा घ्यायला तीन शब्द पुरे: ‘ज्ञानेश्वरी’, ‘ऱ्हास’ आणि ‘ॲसिड’. तिन्ही शब्दांची पुस्तकं नोंदवायला लावा आणि तुमच्या मोबाइलवरून शोधा.

‘ॲसिड’ का? कारण ॲ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, आणि दुसरं ‘अ’ला चंद्र जोडून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी अक्षरं आहेत, आणि आपोआप ती एक होत नाहीत. ‘ऱ्हास’, ‘सुऱ्या’ यांतल्या ऱ्चंही तसंच. काही कीबोर्ड तो नुक्त्याच्या ऱने बनवतात, काही साध्या रला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. विसर्गाच्या जागी कोलन टाइप करणं ही तिसरी नेहमीची खोड. उपाय एकच: नोंदी करणाऱ्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड शिका. पंधरा दिवस बोटं अडखळतात, मग सरावतात. आणि एका कागदावर ‘आपल्याकडे असं टाइप करायचं’ म्हणून वीसेक शब्द छापून टेबलावर चिकटवा.

जुनी यादी श्रीलिपी, कृतीदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागेल. रूपांतरक ऐंशी टक्के काम करतात. उरलेल्या चुका ठरावीक जागी असतात: पहिली वेलांटी एक अक्षर मागे-पुढे सरकते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, ‘श्र’ आणि ‘त्र’ फुटतात. त्यामुळे रूपांतरानंतर सगळी यादी वाचत बसू नका. वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं असलेल्या शीर्षकांची चाळणी लावून तेवढीच तपासा.

एक्सेलमधून नोंदी चढवताना तीन ठिकाणी माती होते. आयएसबीएनचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवला नाही तर ९७८ने सुरू होणारा तेरा अंकी क्रमांक ‘९.७८’ आणि पुढे ‘ई’ असा होऊन बसतो, आणि तसाच सेव्ह झाला तर शेवटचे अंक कायमचे जातात. दुसरं, फाइल सीएसव्ही यूटीएफ-८ या प्रकारातच सेव्ह करायची. साधी सीएसव्ही निवडली की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. तिसरं, मार्कएडिट या मोफत साधनाने मार्क फाइल बनवताना लीडरच्या, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या ओळीच्या, ०९ या स्थानावर (मोजणी शून्यापासून) ‘ए’ हे अक्षर आहे का ते बघा. ते युनिकोडची खूण आहे. नसेल तर कोहा नोंदीला जुन्या संकेतातली समजतो आणि चांगला मजकूर बिघडवतो. आधी वीस पुस्तकांची फाइल चढवा, वेबवर जाऊन डोळ्यांनी पाहा, मग पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्यांनी पुढे जा.

परदेशी ग्रंथालयांतून तयार नोंदी उतरवून घेण्याचा मोह होईल. मराठी पुस्तकांच्या अशा नोंदी बहुतेक रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा-टिंबं देऊन केलेल्या असतात. तुमचा वाचक त्यांतून काहीही शोधू शकत नाही. मूळ पुस्तक हातात घेऊन देवनागरीत टाइप करणं जलद पडतं. शीर्षक जसं छापलंय तसंच मार्कच्या २४५ या क्षेत्रात (क्रमांक दिलेल्या रकान्यात) द्या. पुस्तक १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं असेल आणि वर ‘कांहीं’ छापलेलं असेल, तर आजच्या लेखनातलं ‘काही’ २४६मध्ये पर्यायी शीर्षक म्हणून घाला. वाचक नव्या पद्धतीने टाइप करणार, पुस्तक जुन्या पद्धतीने छापलेलं. दोघांची गाठ या एका क्षेत्रात पडते. दहा सेकंदांचं काम आहे.

आता डोंगराकडे येऊ.

गावच्या वाचनालयाकडे असं काय आहे जे शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाकडे नाही? परिसराची पुस्तकं. पण ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयाप्रमाणे क्रमांक देण्याच्या पद्धतीत, ती विखुरतात. शिवनेरीवरचं पुस्तक इतिहासात, ९५४.७९२ला, भटकंतीचं पुस्तक प्रवासात, रानफुलांचं ५८२च्या आसपास, पक्ष्यांचं ५९८ला, त्याच भागातल्या लेखकाची कादंबरी ८९१.४६३ला. जागेवरून ती हलवू नका. कोहातल्या ९५२ या क्षेत्रात संग्रहाचा संकेत देण्याची सोय आहे, तिथे ‘परिसर’ हा संकेत बनवा आणि अशा प्रत्येक पुस्तकाला लावा. एका क्लिकवर सगळी एकत्र दिसतात. देवस्थानाच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, पतसंस्थांची गौरवपुस्तकं हे सगळं यात आलंच पाहिजे. गावांची, वाड्यांची, ओढ्यांची माहिती नेमकी त्यांतच असते आणि ती दुसऱ्या कुठल्याही वेबस्थळावर नसते.

स्थळनामांसाठी ६५१ हे क्षेत्र वापरा आणि एका जागेचं एकच रूप ठरवा. चावंड आणि प्रसन्नगड हा एकच किल्ला. मुख्य नोंद ‘चावंड’ आणि दुसऱ्या नावापुढे ‘चावंड पाहा’ एवढंच. पुणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये (मुंबई इलाख्याच्या मालिकेतला अठरावा खंड, तीन भाग, १८८५) शिवनेरी ‘शिवनेर’ म्हणून येतो. गॅझेटिअर वेबवर मोफत वाचायला मिळतं, त्याचा दुवा ८५६मध्ये द्या.

जागेचे अक्षांश-रेखांश ०३४मध्ये देता येतात, आणि इथेच रविवारची पायपीट कामी येते. नाणेघाट साधारण १९.२९ उत्तर, ७३.६८ पूर्व. दशांशानंतर तीन अंक घेतले तर शंभरेक मीटरची अचूकता मिळते, गडाच्या दरवाजासाठी ती पुरे. टाक्यासाठी किंवा लेण्यासाठी पाच अंक घ्या. नकाशावर चढवताना क्रम बघा. काही साधनं आधी अक्षांश मागतात, काही आधी रेखांश. उलटसुलट झालं तर नाणेघाट थेट नॉर्वेच्या उत्तरेला, अस्वलांच्या बेटाजवळच्या थंड समुद्रात जाऊन पडतो. हसू येतं, पण अशा नोंदी वेबवर खूप आहेत.

फोनचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं; त्यामुळे ‘वर रेंज नसते’ ही अडचण नाही. आदल्या रात्री घरच्या वायफायवर ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्समध्ये त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. गडावर फोन विमान मोडवर टाका, बॅटरी दुपटीने टिकते. खूण करण्याआधी मोकळ्या जागी मिनिटभर थांबा आणि अचूकता दहा मीटरच्या आत आली की मगच जतन करा. कड्याच्या पोटाशी उभं राहून घेतलेली खूण पन्नास मीटरही चुकते, कारण उपग्रहाचे संकेत खडकावर आपटून येतात. लेण्याच्या आत तर सोडाच. तोंडापाशी खूण करा.

फोटो सोबत्यांकडून व्हॉट्सॲपवर मागवाल तर त्यांतली जागेची आणि वेळेची माहिती पुसली जाते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग ती शाबूत राहते.

शिलालेखाचा फोटो समोरून फ्लॅश मारून काढला की अक्षरं सपाट होतात. विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून, एका बाजूने तिरपा उजेड टाका; कोरीव रेषांच्या सावल्या पडतात आणि झिजलेलं अक्षरही उठून येतं. एकदा डावीकडून, एकदा वरून, असे दोन फोटो घ्या, कारण उजेडाच्या दिशेने धावणारी रेघ त्या फोटोत दिसत नाही. नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखासाठी ही पद्धत उत्तम. अक्षरांत खडू, चुना, पीठ किंवा पाणी काहीही घालायचं नाही. दगड खराब होतो आणि संरक्षित स्मारकावर तो गुन्हाही आहे.

पाण्याची टाकी, पायवाटा, देवराया हे ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून भरायच्या मुक्त नकाशावर नोंदवा. मराठी नावासाठी तिथे वेगळी जागा आहे, ती भरा. जुन्नरच्या वाड्या-वस्त्यांची नावं देवनागरीत अजून खूप ठिकाणी नाहीत. चावंडवर एकाला लागून एक अशी सात टाकी आहेत. प्रत्येक वेगळं नोंदवा आणि पाणी बारमाही आहे की नाही तेही लिहा, पण ते उन्हाळ्यात पाहिल्याशिवाय नको. दुसऱ्या नकाशांवरून नक्कल करू नका, परवाना आड येतो. स्थानिक नावं पायथ्याच्या गावातल्या जाणत्या माणसांकडून घ्या, विचारून ध्वनिमुद्रित करा आणि उच्चार ऐकू येईल तसा लिहा. पुस्तकात सापडलेल्या नावाने गावातलं नाव पुसू नका, दोन्ही ठेवा.

पाहिलेल्या फुला-पाखरांची नोंद करायला आयनॅचरलिस्ट हे वेबस्थळ चांगलं, पक्ष्यांसाठी ईबर्ड. एक काळजी: पावसाळ्यात डोंगरउतारांवर उगवणाऱ्या कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींची नेमकी जागा उघडी करू नका, लोक कंद खणून नेतात. आयनॅचरलिस्टवर जागा धूसर ठेवण्याची सोय आहे. काही संकटग्रस्त जातींसाठी ती आपोआप लागते, बाकीच्यांसाठी तुम्ही लावा. आणि तिथला फोटोंचा मूळ परवाना अव्यापारी वापराचा असतो, तो मराठी विकिपीडियाला चालत नाही. फोटो तिकडे द्यायचे असतील तर परवाना आधी बदला.

वाचकांना घेऊन जाणार असाल तर पंधरा जणांच्या वर नको. पुस्तकं आधी, डोंगर नंतर: आठवडाभर आधी ‘परिसर’मधली चार-पाच पुस्तकं टेबलावर मांडा, प्रत्येकाने एक तरी चाळून यावं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोपा. भर पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटाचं नाव काढू नका, धुकं आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, पूर्ण बाह्यांचा सदरा. कड्यांवर आणि लेण्यांत आग्या मोहोळं असतात: अत्तर लावून यायचं नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही, ड्रोन तर नाहीच. कपारीत न बघता हात घालू नका, फुरसं तिथेच असतं. ऊसतोडीच्या दिवसांत बिबटे पिलांसकट जागा बदलत असतात. पायथ्याच्या उसातल्या वाटेने दिवस मावळायच्या आत, गटाने आणि बोलत परत या.

सोमवारी परत आल्यावर एक तास राखून ठेवा, त्याहून जास्त नको. फायलींना रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, तारखेने सुरू होणारी नावं द्या, म्हणजे कुठल्याही यंत्रावर त्या क्रमाने लागतात. निवडक दहाच फोटो ठेवा. ते ज्या पुस्तकाशी जुळतात त्या नोंदीत दुवा द्या. परिसराच्या कपाटावर क्यूआर कोड लावायचा तर फुकटच्या ‘डायनॅमिक’ सेवा टाळा. मुदत संपली की तो कोड जाहिरातीवर नेतो. वाचनालयाच्या स्वतःच्या पत्त्याचा साधा कोड बनवा, तीन सेंटिमीटरपेक्षा लहान छापू नका.

जुन्या स्मरणिका स्कॅन करून वेबवर टाकायच्या असतील तर तीनशे डीपीआय पुरे, पण हक्क आधी बघा. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि ती पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९६४ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ला मुक्त झालं. संपादक, अनुवादक, चित्रकार यांचे हक्क वेगळे मोजायचे. शंका असेल तर पूर्ण मजकूर न देता मुखपृष्ठाची माहिती आणि अनुक्रमणिका टाइप करून नोंदीत घाला. शोधणाऱ्याला तेवढ्यानेही पुस्तक सापडतं आणि तो वाचनालयात येतो.

सभासदांचे मोबाइल क्रमांक आणि पत्ते कुठल्याही उघड्या गूगल शीटमध्ये ठेवू नका. ‘दुवा असलेल्या कुणालाही’ म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरलेला दुवा मिळालेलं सगळं गाव. सहलीची यादी कागदावर घ्या आणि परत आल्यावर फाडा.

नवा फोन किंवा कॅमेरा घ्यावा का, असंही विचारलंय. नको. हातातला फोन चार-पाच वर्षांच्या आतला असेल तर वरचं सगळं त्याच्यावर होतं. पैसे खर्चायचेच असतील तर या क्रमाने: बारकोड वाचणारं साधं यंत्र, दहा हजार एमएएचची पॉवर बँक, आणि बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क जी वाचनालयात न ठेवता दर महिन्याला कार्यवाहांच्या घरी जाईल.